अलीयाबची उंची

बायबलमधल्या शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा सोळावा अध्याय वाचताना एक बारीकशी गोष्ट दर वेळी खटकते. संदेष्टा शमुवेल तेलाचं शिंग घेऊन बेथलेहेमात इशायाकडे आलाय. नव्या राजाचा अभिषेक करायचाय आणि तो इशायाच्या मुलांपैकी एक आहे, एवढंच त्याला ठाऊक आहे. थोरला अलीयाब समोर येतो. उंचापुरा, भारदस्त. शमुवेलाला वाटतं, ठरलं, हाच. आणि तिथेच त्याला थांबवलं जातं: याच्या रूपाकडे, उंचीकडे बघू नकोस, माणूस बाहेरचं बघतो, परमेश्वर हृदय बघतो. हे सातवं वचन. मग एकामागून एक सात मुलं पुढून जातात आणि सातही बाद होतात. शेवटी रानात मेंढरं राखणाऱ्या धाकट्याला, दावीदाला, बोलावणं धाडतात. तो येतो, आणि बाराव्या वचनात निवेदक सांगतो काय, तर पोरगा तांबूस वर्णाचा होता, डोळे सुंदर होते, दिसायला देखणा होता! रूप बघू नकोस म्हणून बजावल्याला अजून पाच वचनंही झालेली नाहीत. निवडलेल्या मुलाच्या हृदयाबद्दल मात्र चकार शब्द नाही.

यावर टीकाकारांनी बरंच लिहिलंय. मला स्वतःला वाटतं ते साधं आहे. निवेदकही माणूसच. त्याला जे दिसतं तेच तो लिहिणार. दावीदाच्या आत काय होतं ते त्याच्या लेखणीच्या टप्प्यात नाही. आणि पुढची कथा बघितली तर आतलं सगळं निर्मळ होतं असंही म्हणता येत नाही. याच दावीदाने पुढे बथशेबेला बोलावून घेतलं आणि तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईत सगळ्यांत घनघोर जागी उभं करून मारवलं. ज्याने हृदय पाहून निवडलं त्याला हे दिसलं नव्हतं का? ख्रिस्ती श्रद्धेचं उत्तर ‘दिसलं होतं’ हेच आहे, आणि इथूनच विषय अवघड व्हायला लागतो. देव हृदय पाहतो याचा अर्थ तो स्वच्छ हृदयं हुडकत फिरतो, असा आपण सहज धरून चालतो. शास्त्र तसं म्हणत नाही.

याच पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात जाऊन यावं. शिलोच्या मंदिरात हन्ना नावाची निपुत्रिक बाई प्रार्थना करतेय. ओठ हलताहेत, आवाज नाही. दाराच्या खांबाशी आसनावर बसलेला याजक एली तिच्या तोंडाकडे निरखून बघतो आणि ठरवून टाकतो की बाई प्यायलेली आहे. किती वेळ अशी झिंगणार, दारू उतरव आता, असं तिला सुनावतोही. ती सांगते, महाराज, मी प्यायलेली नाही, दुःखाने पिचलेली बाई आहे. परमेश्वरापुढे जीव मोकळा करत होते. एली काही दुष्ट नव्हता. आयुष्यभर देवळात काढलेला, माणसं पाहिलेला, अनुभवी याजक. त्याच्या डोळ्यांसमोर जे घडलं ते त्याने नीट पाहिलं आणि अर्थ नेमका उलटा लावला. त्या प्रार्थनेतून जो मुलगा झाला तोच शमुवेल. ज्याच्या आईला एका धर्मपुरुषाने चेहऱ्यावरून चुकीचं जोखलं, तो स्वतः म्हातारपणी इशायाच्या घरी उभा राहून उंचीवरून राजा ठरवायला निघतो. आधीचा राजा शौलही सगळ्या लोकांत खांद्याच्या वर उठून दिसणारा होता आणि त्याचं काय झालं ते शमुवेलानेच भोगलं होतं. तरी सवय जात नाही.

बायबलमधलं ‘हृदय’ म्हणजे निव्वळ भावनांचं घर नव्हे, हे इथे लक्षात ठेवायला हवं. विचार, बेत, आठवण, निश्चय, हट्ट हे सगळं तिथे मुक्कामाला असतं. म्हणून देव हृदय जाणतो म्हणताना त्याला आपला मूड कळतो एवढंच अभिप्रेत नसतं. माणूस ज्या जागेवरून निर्णय घेतो ती जागा त्याला उघडी आहे, असं म्हणायचं असतं. यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात हे सगळ्यांत कठोरपणे येतं. नववं वचन म्हणतं, हृदय सगळ्यांत कपटी आहे, असाध्य दुखण्याने ग्रासलेलं आहे. ते कोणाला कळणार? आणि दहाव्यात उत्तर: मी, परमेश्वर, हृदय चाळतो, अंतर्याम पारखतो, आणि ज्याला त्याला त्याच्या वागण्याप्रमाणे, कृत्यांच्या फळाप्रमाणे देतो. ‘कोणाला कळणार’ या प्रश्नातून खुद्द त्या हृदयाचा मालकही सुटलेला नाही. शेजाऱ्याचं मन आपल्याला कळत नाही हे कोणीही मान्य करील. आपलं आपल्याला कळत नाही, हे यिर्मयाचं म्हणणं पचायला जड आहे.

या ‘पारखण्या’साठी शास्त्रात पुन्हा पुन्हा येतो तो धातू गाळणारा. रुप्यासाठी मूस, सोन्यासाठी भट्टी, पण हृदयं पारखणारा परमेश्वर, असं नीतिसूत्रांच्या सतराव्या अध्यायात आहे. त्या काळी हे काम कसं चालायचं ते पाहिलं की या वचनांना धार येते. चांदी बहुतेक वेळा शिशाच्या खनिजातून यायची, आणि तीही कित्येकदा हजारात एक-दोन भाग. खनिज भाजून, वितळवून आधी शिसं काढायचं. चांदी त्यात विरघळलेली असते, डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. मग हाडांच्या राखेच्या किंवा मातीच्या सच्छिद्र, उथळ भांड्यात ते शिसं ठेवून ९०० ते १००० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचं आणि भात्याने वरून सतत वारा घालायचा. शिशाचं मुरदाडशिंग, म्हणजे शिशाचं भस्म, होतं. ते तांबं, कथील असली हिणकस भर आपल्यात ओढून घेतं आणि भांड्यात जिरतं, किंवा वरून काढून टाकता येतं. चांदीला हवा काही करत नाही, म्हणून ती उरते. यात बिघडण्यासारखं पुष्कळ. आच ८८८ अंशांच्या खाली उतरली की मुरदाडशिंग थिजतं, धातूवर साय धरतं, वारा आत पोचत नाही आणि काम तिथेच अडतं. आच फार चढली तर चांदीच उडून किंवा भांड्यात मुरून वाया जाते. शिसं कमी पडलं तर ते सगळं जळून संपतं आणि हीण तसंच राहतं. यिर्मया सहाव्या अध्यायात नेमकी हीच फसलेली भट्टी दाखवतो: भाता जोराने फुंकतोय, शिसं आगीत खलास झालं, गाळण्याचे कष्ट फुकट, दुष्टपणा निघालाच नाही, या लोकांना टाकाऊ चांदी म्हणतील. भट्टी कशी फसते हे ज्याने जवळून पाहिलंय त्यालाच असं लिहिता येईल.

मलाखी या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात हाच गाळणारा ‘बसलेला’ आहे. प्रवचनांतून एक गोड गोष्ट सर्रास ऐकू येते की चांदीत आपला चेहरा दिसला की काम झालं हे त्याला कळतं. वचनात तसं काहीही नाही, आणि गोष्ट कितीही गोड असली तरी ती वचनाच्या तोंडी घालू नये असं माझं मत आहे. भट्टीत खरोखर जे घडतं ते कमी देखणं नाही. शिशाचा शेवटचा पातळ पापुद्रा सरकतो आणि मंद दिसणारा गोळा एकाएकी लखकन उजळतो. त्यानंतर आचेवर ठेवणं म्हणजे नुकसान. त्या क्षणासाठी गाळणाऱ्याला बसून राहावं लागतं, भट्टी पेटवून दुसऱ्या कामाला निघून जाता येत नाही.

मग जो सगळं जाणतो त्याला पारख कशाला? उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायात मोरिया डोंगरावर मुलाचा बळी द्यायला निघालेल्या अब्राहामाचा हात थांबवून देव म्हणतो, ‘आता मला कळलं’. अनुवादाच्या आठव्या अध्यायात मोशे सांगतो, तुझ्या हृदयात काय आहे हे जाणण्यासाठी चाळीस वर्षं रानात फिरवलं. सरळ वाचलं तर आधी ठाऊक नव्हतं असा अर्थ निघतो. प्राचीन चर्चचा मोठा विचारवंत ऑगस्टीन याने यावर जे म्हटलं ते पुढे बहुतेकांनी उचललं: ‘आता मला कळलं’ म्हणजे ‘आता मी कळवलं’. पारखीत उघडं पडतं ते माणसाच्या स्वतःच्या डोळ्यांसमोर. वरवर हे युक्तिवादाने अडचण सोडवल्यासारखं वाटतं खरं, आणि अब्राहामाच्या त्या तीन दिवसांच्या वाटचालीपुढे हे उत्तर मला थोडं कोरडंच वाटतं. पण यिर्मयाच्या प्रश्नाशी ते जुळतं. ज्याला स्वतःचं मन ठाऊक नाही त्याला ते कळायला आच लागते.

दावीदाचा मुलगा राजा शलमोन मंदिराच्या अर्पणाच्या वेळी जी लांबलचक प्रार्थना करतो तिच्यात तो म्हणतो, सगळ्या माणसांची हृदयं जाणणारा तूच एकटा आहेस. या ‘एकटा’ शब्दावर पुढच्या शतकांत बरंच काही उभं राहिलं. चौथ्या शतकात मिसरच्या वाळवंटात राहणारा एव्हाग्रियस (मृत्यू ३९९) हा मनातल्या विचारांचा बारकाईने हिशेब लावणारा साधू. खादाडपणा, कामवासना, धनलोभ, खिन्नता, राग, कंटाळ्याची मरगळ, लौकिकाची हाव आणि गर्व ही आठ विचारांची यादी त्याचीच. तो साधूंना बजावतो की भुतांना तुमचं हृदय कळत नाही, ते फक्त देवाला कळतं. भुतं तुमचे शब्द टिपतात, तुमच्या देहाच्या हालचाली बघतात आणि त्यावरून अंदाज बांधतात. आत काय चाललंय याचा सुगावा आपणच त्यांना देतो. तेराव्या शतकात धर्मपंडित थॉमस अक्वायनसने हाच प्रश्न देवदूतांबद्दल घेतला: देवदूतांना माणसाच्या मनातलं कळतं का? आपल्या मोठ्या ग्रंथाच्या पहिल्या भागात, ५७व्या प्रश्नाच्या चौथ्या कलमात त्याने उत्तर दिलंय. परिणामांवरून कळतं; चेहऱ्याचा रंग पालटला की माणसालाही कळतं, आणि वैद्याला तर नाडीवरूनसुद्धा मनाची काही अवस्था कळते. देवदूत याच कामात जास्त तरबेज, एवढंच. पण विचार मनात असतो त्या रूपात, आणि इच्छा जिथे असते त्या ठिकाणी, फक्त देव जाणतो. कारण तो असं देतो की माणसाजवळ ज्ञान साठलेलं असणं निराळं, आणि या घटकेला तो त्यातलं काय उचलून मनात घोळवतो हे निराळं. ते त्याच्या इच्छेवर आहे, आणि इच्छेला आतून हात घालणारा तिचा निर्माता सोडून कोणी नाही.

याचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. देवदूताला जे नाकारलं ते धर्मगुरूला, प्रवचनकाराला, सासूला किंवा नवऱ्याला कसं द्यायचं? चर्चच्या कायद्यातही जुना दंडक आहे की गुप्त गोष्टींचा न्याय चर्च करत नाही.

पण सगळं माहीतच आहे, तर सांगायचं कशाला? डोंगरावरच्या प्रवचनात येशू म्हणतो, तुम्ही मागण्यापूर्वीच तुम्हाला कशाची गरज आहे हे तुमच्या पित्याला ठाऊक आहे. आणि लगेच पुढच्याच वचनात ‘तर अशी प्रार्थना करा’ म्हणून शब्द देतो. त्याच्या लेखी जाणणं आणि मागणं यांत भांडण नाही. ऑगस्टीन आपल्या आत्मनिवेदनाच्या दहाव्या भागात हा प्रश्न स्वतःला विचारतो. त्याच्या म्हणण्याचा सारांश असा की मी काही कबूल केलं नाही तरी तुझ्यापासून काय लपणार आहे? मी तुला माझ्यापासून लपवीन, मला तुझ्यापासून लपवू शकणार नाही. पापनिवेदनाला, म्हणजे धर्मगुरूजवळ आपली पापं कबूल करायला, बसलेला माणूस देवाला बातमी द्यायला बसलेला नसतो, हे यातून स्पष्ट होतं. तरी प्रत्यक्षात पुष्कळांचं पापनिवेदन बातमीसारखंच होतं: ठरलेली यादी, ठरलेला क्रम, दर वेळी तीच चार पापं, आणि ज्याला हात लावायचा नाही ते यादीच्या बाहेर.

यादी किती पुरी असावी यावरून तर पश्चिमेचं चर्च भांडलं. १२१५च्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येकाने वर्षातून निदान एकदा पापनिवेदन करावं असा नियम घातला. नियम आला की काटेकोर माणसं छळायला लागतात स्वतःला: एखादं राहिलं तर? १५३०च्या ऑग्सबुर्ग कबुलीत, म्हणजे आपल्या श्रद्धेच्या जाहीरनाम्यात, रोमपासून फुटलेल्या सुधारक ल्यूथरच्या बाजूच्या लोकांनी अकराव्या कलमात सांगितलं की क्षमेचं वचन खाजगीत देण्याची पद्धत राहू द्या, पण सगळी पापं मोजून सांगायची गरज नाही, कारण ते अशक्यच आहे. आणि आधार दिला एकोणिसाव्या स्तोत्राच्या बाराव्या वचनाचा: आपल्या चुका कोणाला कळतात? एकवीस वर्षांनी, १५५१ साली, रोमन कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने उलट बाजूने ठरवलं की मन कसून तपासल्यावर जी प्राणघातक पापं आठवतात ती सगळी सांगायलाच हवीत. मात्र एवढं करूनही जी आठवली नाहीत ती त्याच निवेदनात धरली जातील. आणि आधार कोणता? त्याच वचनाचा उरलेला अर्धा भाग: माझ्या गुप्त दोषांपासून मला शुद्ध कर. एकाच ओळीचा पूर्वार्ध एकाने घेतला, उत्तरार्ध दुसऱ्याने. दोन्ही पक्षांनी मान्य केलेली गोष्ट वादाच्या धुरळ्यात दिसेनाशी होते ती ही, की यादी माणसाच्याने पुरी होत नाही.

यादी पुरी करण्याचा हट्ट माणसाला कुठे नेतो हे जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याच्या आयुष्यात दिसतं. १५२२ साली माँतसेरातच्या मठात त्याने सगळ्या आयुष्याची पापं लिहून काढून निवेदन केलं; त्याला तीन दिवस लागले. मग मानरेसा गावी राहायला गेल्यावर शंका सुरू झाल्या. अमुक सांगितलं का, नीट सांगितलं का? पुन्हा सांगायचं, पुन्हा अस्वस्थ. शेवटी पापनिवेदन ऐकणाऱ्याने आज्ञा केली की अगदी स्पष्ट असेल तेवढंच मागलं पाप सांग. उपाय चांगला होता, लागू पडला नाही, कारण इग्नेशियसला सगळंच स्पष्ट वाटत होतं! दिवसाला सात तास प्रार्थना, आठवडाभर कडक उपास, आणि खोलीतल्या खड्ड्यात उडी टाकून जीव द्यावा इथवर मजल. जुनी पापं उगाळायची नाहीत असं त्याने एके दिवशी ठरवलं तेव्हा ते थांबलं. पुढे त्याने शंकेखोरपणावर जे नियम लिहिले त्यांत एक बारीक उदाहरण आहे. दोन काड्या जमिनीवर क्रूसासारख्या पडल्यात आणि त्यावर आपला पाय पडला म्हणून पाप झालं असं कोणी ठरवलं, तर ती नुसती चुकीची समजूत. खरी शंका निराळी: पाय पडून गेल्यावर बाहेरून विचार येतो की पाप केलंस, आणि दुसरीकडून वाटतं की केलं नाही, आणि या दोहोंत माणूस हेलकावे खात राहतो. हा फरक पुस्तकात वाचून कळण्यासारखा नाही.

त्याने शिकवलेली मनाची झडती पाच पायऱ्यांची आहे. पहिली, मिळालेल्या दानांबद्दल देवाचे आभार. दुसरी, आपली पापं ओळखता यावीत म्हणून कृपा मागणं. तिसरी, उठल्यापासून आत्तापर्यंतचा तासातासाचा हिशेब: आधी विचार, मग बोलणं, मग कृती. चौथी, क्षमा मागणं. पाचवी, सुधारण्याचा निश्चय, आणि शेवटी ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’. घाईत असलेला माणूस हमखास पहिल्या दोन पायऱ्या गाळून तिसरीवर उडी मारतो, आणि तिथेच सगळं हुकतं. दुसरी पायरी गाळली की झडती घेणारा आणि आरोपी एकच होतो. मग दोनच गोष्टी होतात: माणूस स्वतःला सोडून देतो किंवा सोलून काढतो. आपलं हृदय आपल्याला दाखव असं मागूनच पुढे जायचं असतं, कारण दिवा आपल्या हातात नाही. पहिली पायरी का आधी, हे मात्र करून पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. आभार मानून बसलेल्या माणसाला स्वतःची चूक बघायला इतकी भीती वाटत नाही.

दुसऱ्याच्या हृदयाची झडती घेण्याचा प्रयोगही झालाय, आणि तो भल्या माणसांनी केला. १६३०च्या दशकात अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडच्या प्युरिटन (कडक शिस्तीच्या प्रोटेस्टंट) मंडळ्यांनी नियम केला की सभासद व्हायचं तर आपल्यात देवाच्या कृपेने पालट कसा झाला ते मंडळीसमोर सांगायचं. ते खरं वाटलं तर प्रवेश. हेतू असा की मंडळीत खरे विश्वासी असावेत, निव्वळ जन्माने आलेले नकोत. हेतूला नावं ठेवता येत नाहीत. पण ऐकणाऱ्यांना काय ऐकायचं असतं ते सांगणाऱ्याला कळतं, आणि कहाण्या एका साच्याच्या होऊ लागतात: आधी निष्काळजीपणा, मग नियमशास्त्राची धास्ती, मग निराशा, मग उजेड. उलट जी माणसं प्रामाणिक होती, ज्यांना आपल्या मनाची खात्री नव्हती, ती पुढे यायलाच कचरली. त्यांची मुलं मोठी झाली, त्यांना मुलं झाली, आणि या नातवंडांना बाप्तिस्मा द्यायचा की नाही हा पेच उभा राहिला. १६६२ साली तोड निघाली, तिला अर्धा करार म्हणतात: बाप्तिस्मा झालेल्या पण पालटाची साक्ष न दिलेल्या आईबापांच्या मुलांना बाप्तिस्मा, पण प्रभुभोजन नाही. नंतर अठराव्या शतकात, मोठी जागृती म्हणतात त्या धार्मिक पुनरुज्जीवनाच्या लाटेत लोक रडले, कोसळले, ओरडले. ती लाट जवळून पाहिलेला धर्मोपदेशक जोनाथन एडवर्ड्स याने १७४६ साली धार्मिक भावनांवर ग्रंथ लिहिला. त्यात आधी बारा अशी लक्षणं दिली ज्यांवरून काहीच ठरत नाही. भावना फार तीव्र असणं, देहावर परिणाम होणं, तोंडावर वचनं येणं, स्वतःची खात्री पटणं, दुसऱ्यांनाही पटणं, यातलं काहीही पुरावा नव्हे. मग बारा खरी लक्षणं, आणि त्यांत सगळ्यांत भरवशाचं शेवटचं: आयुष्यभराचं वागणं. यिर्मया ‘कृत्यांचं फळ’ म्हणाला होता त्याच ठिकाणी गाडी येऊन थांबली. गंमत म्हणा की दुर्दैव, याच एडवर्ड्सने प्रभुभोजनाला कोणाला घ्यायचं याचा नियम कडक करायचा आग्रह धरला, आणि १७५० साली त्याच्याच मंडळीने त्याला काढून टाकलं.

‘देवाला माझं मन ठाऊक आहे’ हे वाक्य सोयीचंही असतं. दुसऱ्याने चूक दाखवली की ढालीसारखं पुढे धरायला. लूकच्या सोळाव्या अध्यायात येशू हेच वाक्य पैशाच्या लोभी परूश्यांना, म्हणजे नियमांना काटेकोर असलेल्या एका यहुदी पंथाच्या लोकांना, ऐकवतो, तेव्हा त्याची दिशा बरोबर उलटी असते: लोकांपुढे तुम्ही स्वतःला नीतिमान ठरवता, पण देव तुमची हृदयं ओळखतो.

आणि मग १३९वं स्तोत्र. चोवीस वचनं. तू मला पारखलंस, ओळखलंस. मी बसतो-उठतो ते तुला कळतं. जिभेवर शब्द यायच्या आधीच तो तुला ठाऊक असतो. तुझ्या समोरून मी कुठे पळू? हे सुंदर आहे आणि सगळीकडे म्हटलं जातं. पण एकोणिसाव्या वचनापासून सूर एकदम बदलतो: देवा, दुष्टांना मारून टाकशील तर किती बरं, मी त्यांचा पुरेपूर द्वेष करतो. रोमन कॅथलिक चर्चच्या नित्य प्रार्थनेच्या सुधारलेल्या पुस्तकातून १९ ते २२ ही चार वचनं वगळलेली आहेत. कारण समजण्यासारखं आहे. सकाळी उठून असं कोणाच्या तोंडी घालायचं? पण मला ती गाळलेली पटत नाहीत. ज्या माणसाने आत्ताच म्हटलं की तू सगळं जाणतोस, त्याने आतला द्वेषही झाकून ठेवला नाही. आणि तो ओकून झाल्यावरच पुढचं वचन येतं: देवा, माझी झडती घे, माझं हृदय जाण, माझ्यात काही दुष्ट वाट आहे का बघ. सुरुवातीला ‘तू पारखलंस’ हे विधान होतं, शेवटी तीच मागणी झाली. मधली चार वचनं काढली की हा बदल कशाने झाला ते कळत नाही. मग ती मागणी नुसती भक्तीची सजावट उरते.

येशूचा शिष्य पेत्र याचंही असंच. शेवटच्या जेवणानंतर तो म्हणाला होता, सगळे अडखळले तरी मी नाही. तो खोटं बोलत नव्हता. आपल्या मनाबद्दल त्याला जे ठाऊक होतं ते तो बोलला. कोंबडा आरवेपर्यंत येशूला आपण ओळखत नाही असं तीन वेळा नाकारून झालं होतं. योहानाच्या एकविसाव्या अध्यायात तलावाकाठी येशू त्याला तीन वेळा विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का? तिसऱ्या वेळी पेत्र कष्टी होतो आणि म्हणतो, प्रभू, तुला सर्व ठाऊक आहे, मी तुझ्यावर प्रेम करतो हे तू ओळखतोस. ‘मला माहीत आहे’ म्हणायची आता त्याची छाती नाही. साक्षीदार म्हणून तो स्वतःला उभंच करत नाही. ज्याने त्याचं नाकारणं आधीच ओळखलं होतं त्याच्याच ओळखण्याचा आधार घेतो, आणि उत्तरात त्याला झडती मिळत नाही, काम मिळतं: माझी मेंढरं चार.

योहानाच्या पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायाच्या विसाव्या वचनात एक वाक्य आहे: आपलं हृदय आपल्याला दोषी ठरवत असेल, तरी देव आपल्या हृदयापेक्षा थोर आहे आणि त्याला सर्व ठाऊक आहे. यात दिलासा आहे की दम? ल्यूथरनंतरचा सुधारक कॅल्व्हिन याने दम वाचला: तुझं मनच तुला सोडत नाही, तर जो त्याहून जास्त जाणतो तो कसा सोडेल? ल्यूथरने दिलासा वाचला. तर्काने बघितलं तर कॅल्व्हिनचं वाचन सरळ आहे. पण आधीच्या दोन वचनांत, शब्दांनी नको, कृतीने प्रेम करू या, आणि त्यावरून आपण त्याच्यापुढे आपल्या मनाला धीर देऊ, असं चाललेलं आहे. धीर देणारं वाक्य मध्येच धमकीकडे वळेल असं वाटत नाही. शिवाय प्रेषित पौलानेही करिंथ शहरातल्या मंडळीला असंच लिहिलंय: मी स्वतःचासुद्धा न्याय करत नाही, माझ्याविरुद्ध मला काही ठाऊक नाही, पण तेवढ्याने मी निर्दोष ठरत नाही, प्रभू येईल, अंधारातलं उजेडात आणील, हृदयातले बेत उघडे करील. इथवर आल्यावर शिक्षेची अपेक्षा असते. पौल वाक्य संपवतो ते असं, की मग ज्याला त्याला देवाकडून शाबासकी मिळेल.